पट्टा

बी.ए. भाग दोनच्या नोट्स मराठीत करतोय.
प्रकरण चौथं : फ्रँक सरदार आणि त्यांचा धर्म.
ज्या चामड्याला तलवार लटकते
त्याला काय लिहू?
कंबरपट्टा लिहिलं, खोडलं.
आपल्याकडे कंबरपट्टा नवरीचा, चांदीचा.
दांडपट्टा म्हणजे तर पातंच.
शेवटी नुसतं पट्टा लिहिलं
आणि लाइट गेली.
सोलापूर, एप्रिल, दुपारचे तीन.

तर विद्यार्थ्यांनो,
पोरगा मिसरूडाला आला की बाप त्याच्या कमरेला पट्टा बांधे,
तेव्हापासून तो पुरुष.
आणि हातून मोठं पाप झालं
की देवळात, चारचौघांत,
तोच पट्टा सोडून वेदीपुढे ठेवायचा.
सोडल्यावर पुरुष उरतो का?
पाद्री म्हणत, आत्ता कुठं झाला.
घोड्यावरचे काही म्हणत नसत, नुसते हसत.

उदाहरणासाठी मी एक सरदार रचला,
नाव ठेवलं राडुल्फ.
भावाचा खुनी तावडीत सापडला, उपाशी, अनवाणी,
राडुल्फनं त्याला भाकरी दिली, वाट दाखवली.
सासुरवाडीनं त्या दिवसापासून त्याच्या पंगतीला बसणं सोडलं.
मठातला लेखनिक रात्रभर अडून बसला असेल,
न मारणाऱ्याचा पोवाडा
कुठल्या शब्दापासून उचलायचा?

नथानिएल दाजीबा रणभिसे,
विणाई खात्यातले जॉबर, माझे वडील.
मी अकरा वर्षांचा, संडे स्कूलच्या डब्यातले सात रुपये
मॅटिनीला उडवलेले.
त्यांनी पट्टा काढला.
तीन फटके मोजून, चौथा न मोजता,
आणि बक्कल भुवईवर.
सिव्हिलमध्ये चार टाके. डॉक्टरांना आई म्हणाली, पडला.
वडील म्हणाले, नाही. मी मारलं.

पुढच्या रविवारी दानाची थैली आमच्या बाकाशी आली
तेव्हा त्यांनी त्यात पट्टा घातला. गुंडाळून, बक्कल आत.
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाहेर चिंचेखाली गाठलं,
'रणभिसे, देवाला चामड्याचं काय करायचंय हो?'
'त्याला नसेल. मलापण नको.'
वेष्ट्रीत बरीच वर्षं त्या पट्ट्यानं
फाटक्या गीतपुस्तकांचा गठ्ठा बांधलेला होता.

नंतर कायम सुताची दोरी, मागाच्या उरल्या धाग्यांची,
स्वतः पिळलेली.
डोक्यावर खात्यातले तीसचाळीस पट्टे गरगरत,
खाली पोरं ओरडत,
'जॉबर, पँट सांभाळा की ओ!'
'बायकोनं काढून घेतला काय बे यांचा?'
ते माग थांबवत, तुटलेला धागा जोडत,
माग सुरू करत.

मिल बंद पडली त्या वर्षी
गेटवर कुणीतरी त्यांच्या थोबाडीत दिली.
थकलेल्या पगाराच्या यादीवरून काहीतरी.
ते वाकले, चष्मा उचलला, काच पुसली,
त्याला म्हणाले, 'तुझं नाव राहिलंय, थांब, लिहितो.'
रस्त्यापलीकडे मी, एकोणीस वर्षांचा, मुठी वळून.
एक शब्द बोललो मी तेव्हा, हळू.
बायल्या.
त्यांनी मान वर केली होती.
ऐकलं की उन्हामुळं, ते मी
त्यांच्या शेवटच्या आजारातही विचारलं नाही.

लाइट आली. पंख्यानं राडुल्फ उडवला कॉटखाली.
मागच्या वर्षी एकीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं,
'सर, हे सरदार नंतर रात्री घरी कसे वागत
ते पुस्तकात नाही.'
मी पाचपैकी दोन दिले होते.

संध्याकाळी नवी पेठ.
मुलाला चौदावं लागलंय, शाळेच्या पँटला पट्टा हवाय,
त्याला काळा, मला कुठलाही.
दुकानदार विचारतो, 'बक्कल जड दाखवू का हलकं?'
पोरगा म्हणतो, जड.
मी पट्टा हातात घेतो,
बक्कल तळव्यावर तोलत राहतो.
मागचं गिऱ्हाईक म्हणतं, 'घ्या की लवकर.'